रेडिओथेरपीच्या प्लॅनची मॉन्टे कार्लो सिम्युलेशनने स्वतंत्र पडताळणी: पायरीपायरीने मार्गदर्शन

रेडिओथेरपीचा प्लॅन मंजूर होतो तेव्हा पडद्यावर दिसणारा डोस कोणी मोजलेला नसतो. तो प्लॅनिंग सिस्टीमने गणिताने काढलेला असतो. हे गणित बहुतेक वेळा उत्तम असते. पण ते चुकले, तर चूक एका दिवसापुरती राहत नाही, ती त्या रुग्णाच्या प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये (उपचाराच्या प्रत्येक बैठकीत) जशीच्या तशी उतरते. पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-२००१ मध्ये शिल्डिंग ब्लॉकची (किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची) माहिती प्लॅनिंग सिस्टीममध्ये भरण्याची पद्धत बदलली गेली, सिस्टीमने उपचाराचा कालावधी चुकीचा काढला आणि २८ रुग्णांना ठरल्यापेक्षा बराच जास्त डोस मिळाला. हाताने केलेल्या साध्या पडताळणीतही ती चूक सापडली असती. स्वतंत्र पडताळणी हा कागदोपत्री सोपस्कार नाही, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आजचे आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारा उपचार) आणि व्हीमॅटचे (यंत्र रुग्णाभोवती फिरत असतानाच केलेला तसाच उपचार) प्लॅन मात्र हाताने तपासता येत नाहीत. म्हणून येथे मॉन्टे कार्लो सिम्युलेशनने पडताळणीची व्यवस्था कशी उभी करावी, ते क्रमाने मांडले आहे. विवेचन मुख्यतः लिनॅकच्या (किरण देणाऱ्या रेखीय प्रवेगकाच्या) फोटॉन किरणांपुरते, त्यातही ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्टच्या) बीमपुरते आहे, आणि वाचकाला डोसिमेट्रीची मूलभूत ओळख आहे असे गृहीत धरले आहे. सिम्युलेशन कोणीही चालवले तरी निकालाची जबाबदारी आणि त्यावरचा निर्णय विभागातील पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचाच असतो.

मॉन्टे कार्लो पद्धतीत प्रत्येक फोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा प्रवास संभाव्यतेच्या नियमांनुसार एकेक टक्कर करत पुढे नेला जातो आणि वाटेत जमा झालेली ऊर्जा व्हॉक्सेलनिहाय (शरीराच्या प्रतिमेतील लहान घनाकृती घटकांनुसार) नोंदली जाते. पेन्सिल बीमसारख्या जुन्या पद्धती पाण्यातील मोजमापांवरून सुरुवात करून रुग्णाच्या शरीरासाठी दुरुस्ती करतात. फुफ्फुसासारख्या विरळ ऊतीत इलेक्ट्रॉन बाजूला किती दूर जातात हे त्यांना नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे तेथील गाठीला मिळणारा डोस या पद्धती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. मॉन्टे कार्लोत हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. पण या फायद्यापेक्षाही मला स्वातंत्र्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत: सिम्युलेशनचे मॉडेल मोजमापांवर उभे राहिले पाहिजे, प्लॅनिंग सिस्टीमच्या आकड्यांवर नव्हे. प्लॅनिंग सिस्टीमशी जुळेपर्यंत मॉडेल फिरवत बसलो, तर तिची चूक आपल्या मॉडेलमध्येही शिरते, आणि मग दोन्ही गणिते एकमेकांना दुजोरा देत राहतात.

साधने आणि लिनॅकच्या शीर्षाचे मॉडेल

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची ईजीएसएनआरसी ही प्रणाली या कामासाठी सर्वाधिक रुळलेली आहे. तिच्यातील बीमएनआरसी हा भाग लिनॅकचे शीर्ष रचतो, तर डोसएक्सवायझेडएनआरसी रुग्णाच्या सीटीवर डोस काढतो. जिएंट४ वर आधारलेली टोपास आणि गेट, तसेच पेनेलोपेवर आधारलेली प्रायमो हेही चांगले पर्याय आहेत. कोणती प्रणाली निवडावी यावर फार वेळ घालवू नये. ज्या प्रणालीचा जाणकार माणूस हाताशी आहे, ती निवडावी.

शीर्षाच्या मॉडेलसाठी निर्मात्याकडून टार्गेट, प्रायमरी कोलिमेटर, फ्लॅटनिंग फिल्टर, मॉनिटर चेंबर, जॉ (फील्डची रुंदी ठरवणारे जाड धातूचे ठोकळे) आणि मल्टिलीफ कोलिमेटर (फील्डला आकार देणाऱ्या सरकत्या पात्यांची रचना) यांची मापे व धातू कळले पाहिजेत. फ्लॅटनिंग फिल्टरच्या घनतेतील किंवा आकारातील लहानशी चूकही मोठ्या फील्डच्या प्रोफाइलमध्ये (बीमच्या आडव्या दिशेतील डोसच्या आलेखात) लगेच दिसते. काही यंत्रांबाबत निर्माता आतील रचना देत नाही. ट्रूबीमसाठी व्हॅरियनने जॉच्या वरच्या पातळीवरील फेज-स्पेस फाइल उपलब्ध केल्या आहेत, म्हणजे तेथून जाणाऱ्या प्रत्येक कणाची ऊर्जा, जागा आणि दिशा यांची नोंद. या फाइल वापरणे सोयीचे असले तरी त्याला दोन मर्यादा आहेत. त्यातील बीम आपल्या यंत्राप्रमाणे बदलता येत नाही. शिवाय तेच कण पुन्हा पुन्हा वापरले, तरी फाइलमध्ये मुळातच असलेल्या अनिश्चिततेच्या खाली निकाल जाऊ शकत नाही.

पाण्यात मॉडेल जुळवणे

शीर्ष रचून झाले की टार्गेटवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि त्यांच्या ठिपक्याची रुंदी ही दोनच मापे प्रामुख्याने जुळवायची उरतात. ती नेमकी किती, हे निर्माता सांगतो ते केवळ अंदाजे असते. दोन्ही एकाच वेळी फिरवू नयेत, कारण त्यांचे परिणाम काही ठिकाणी एकमेकांवर चढतात.

प्रथम १० × १० सेंमी फील्डचा खोलीनुसार डोस घ्यावा. त्यावर ठिपक्याच्या रुंदीचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून येथे ऊर्जा ठरवता येते. ६ एमव्ही बीमसाठी साधारण ५.५ ते ६.५ एमईव्हीच्या पट्ट्यात ०.१ किंवा ०.२ एमईव्हीच्या टप्प्याने सिम्युलेशन करावे आणि कमाल डोसच्या खोलीपलीकडचा भाग मोजमापाशी ताडून पाहावा. पृष्ठभागाजवळचा पहिला भाग या जुळवणीत घेऊ नये, तेथे मोजमापच अवघड असते. त्यानंतर ३० × ३० किंवा ४० × ४० सेंमी फील्डचे प्रोफाइल घ्यावे. ऊर्जा वाढली तर अक्षापासून दूरचा डोस मध्याच्या तुलनेत घटतो, आणि ठिपका रुंदावला तरीही घटतो. ऊर्जा आधीच बऱ्यापैकी निश्चित झालेली असल्याने येथे रुंदी सुचते, ती बहुधा १ ते २ मिमीच्या आसपास असते. शेवटी २ × २ सेंमी किंवा त्याहून लहान फील्डचा पेनम्ब्रा (कडेला डोस उतरत जाणारा पट्टा) आणि आउटपुट (ठरावीक किरणांमागे मिळणारा डोस) पाहून रुंदीवर शिक्कामोर्तब करावे, कारण ठिपका मोठा असला की पेनम्ब्रा पसरतो आणि लहान फील्डचे आउटपुट घसरते.

येथे एक धोका आहे. लहान फील्ड मोठ्या आयन चेंबरने मोजले असेल, तर चेंबरच्या आकारामुळे पेनम्ब्रा मुळातच पसरट दिसतो, आणि त्याला जुळवण्याच्या नादात ठिपका विनाकारण रुंद केला जातो. अशा मोजमापांसाठी डायोड किंवा मायक्रोडायमंड वापरावा आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व एएपीएम (अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना) यांच्या २०१७ च्या टीआरएस-४८३ या नियमावलीतील दुरुस्तीचे गुणांक लावावेत. मोजमाप संशयास्पद असेल तर आधी ते पुन्हा करावे, मॉडेलला हात लावू नये. बीमच्या मध्यभागात १ टक्का आणि तीव्र उतारावर १ मिमी एवढी जुळणी साधणे शक्य आहे, तिच्यासाठी आग्रह धरावा.

डोस आणि मॉनिटर युनिट यांचा दुवा

सिम्युलेशन देते तो आकडा टार्गेटवर पडलेल्या एका इलेक्ट्रॉनमागचा डोस असतो. त्याला मॉनिटर युनिटशी (यंत्रातील चेंबर किरणांचे प्रमाण ज्या एककात मोजते त्याच्याशी) जोडण्यासाठी संदर्भ स्थितीत तेच सिम्युलेशन एकदा चालवावे लागते. उदाहरणार्थ, १० × १० सेंमी फील्डमध्ये पाण्यात १० सेंमी खोलीवर सिम्युलेशनने दर इलेक्ट्रॉनमागे ०.०८ फेम्टोग्रे (१ फेम्टोग्रे = १०⁻¹⁵ ग्रे) डोस दिला आणि टीआरएस-३९८ किंवा टीजी-५१ या डोस मोजण्याच्या नियमावलींप्रमाणे त्याच जागी दर मॉनिटर युनिटमागे ०.००६७ ग्रे मोजला गेला असे समजू. भागाकार केला तर एका मॉनिटर युनिटमागे सुमारे ८४ लाख कोटी इलेक्ट्रॉन टार्गेटवर पडतात असे निघते. हा गुणक एकदा ठरला की सर्व प्लॅनसाठी तोच राहतो. एखाद्या रुग्णाचा निकाल जुळावा म्हणून त्यात बदल करणे म्हणजे पडताळणीच रद्द करणे होय.

काही लिनॅकमध्ये जॉवरून मागे उसळलेले कणही मॉनिटर चेंबरमध्ये मोजले जातात. जॉ जितके बंद, तितके असे कण जास्त. परिणामी लहान फील्डमध्ये चेंबर लवकर भरते आणि प्रत्यक्षात दर मॉनिटर युनिटमागे कमी किरणे बाहेर पडतात. यंत्र तसे असेल, तर चेंबरमधील डोसही सिम्युलेशनमध्ये नोंदवून फील्डनिहाय दुरुस्ती करावी. शेवटी वेगवेगळ्या आकारांच्या फील्डचे आउटपुट काढून मोजमापाशी पडताळून पाहावे.

मल्टिलीफ कोलिमेटरसाठी पात्यांच्या गोलाकार टोकांचा आणि पात्यांमधील खाचेचा आकार खराखुरा द्यावा. बंद पात्यांखालची गळती मोजून टंगस्टन मिश्रधातूची घनता ठरवावी, आणि सरकत्या फटीच्या फील्डचे मोजमाप घेऊन पात्यांच्या टोकांमधील अंतर तपासावे. आयएमआरटीत रुग्णाला मिळणारा बराचसा डोस अशा अरुंद फटींतूनच येत असल्याने येथे एखाद्या मिमीच्या काही दशांशांची चूकही पूर्ण प्लॅनभर टक्क्यांत दिसते.

हे झाल्यावर लगेच रुग्णाकडे वळू नये. पाणी, मग फुफ्फुस आणि हाड यांच्या थरांचा फँटम (शरीराऐवजी मोजमापासाठी वापरायचा नमुना), आणि मग मानवाकृती फँटमवरचा मोजलेला प्लॅन, या क्रमाने जावे. थरांच्या फँटममध्ये अडचण दिसली तर तिचे कारण शोधणे सोपे असते, तीच अडचण रुग्णाच्या सीटीत सापडेनाशी होते.

रुग्णाचा प्लॅन आत घेणे

प्लॅनिंग सिस्टीममधून सीटी, स्ट्रक्चर, प्लॅन आणि डोस या चारही डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपातील) फाइल घ्याव्यात. डोसची फाइल संपूर्ण प्लॅनची आहे, एका फ्रॅक्शनची आहे की एका बीमची, ते तिच्यातील नोंदीवरून पाहावे.

सीटीतील हाउन्सफिल्ड आकड्यांवरून (ऊती किरण किती अडवते हे दाखवणाऱ्या मापावरून) घनता आणि घनतेवरून पदार्थ ठरतो. हवा, फुफ्फुस, मऊ ऊती आणि हाड अशी चार पदार्थांची विभागणी सामान्य कामाला चालते. घनतेचा तक्ता मात्र ज्या स्कॅनरवर आणि ज्या केव्हीवर रुग्णाचा सीटी झाला, त्याच्याच फँटम-मोजमापावरून घ्यावा, प्लॅनिंग सिस्टीममधून उचलू नये. धातूचे कृत्रिम सांधे किंवा दातांतील भरण असेल, तर नेहमीच्या १२-बिट सीटीत आकडा ३०७१ वर अडतो आणि टायटॅनियम व स्टील यांच्यात फरक उरत नाही. अशा ठिकाणी पदार्थ आणि घनता हाताने द्यावी, तसेच धातूमुळे पडलेल्या पट्ट्यांवरही योग्य ऊतीची घनता चढवावी. प्लॅनरने काही भागांना घनता दिलेली असल्यास ती दिसलीच पाहिजे, कारण वैद्यकीयदृष्ट्या ती बरोबर आहे की नाही हाही पडताळणीचा एक भाग आहे.

उपचाराचा काउच (रुग्ण ज्यावर झोपतो तो) सिम्युलेशनमध्ये असावाच. मागून तिरप्या येणाऱ्या बीममधून तो काही टक्के डोस अडवतो. सीटीत दिसणारा स्कॅनरचा काउच काढून टाकावा. शरीराच्या बाह्यरेषेबाहेर प्लॅनिंग सिस्टीमने काय धरले आहे, तेही पाहावे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट कोनांची आहे. लिनॅकचे कोन आयईसी ६१२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने दिलेले असतात, सिम्युलेशन प्रणालीची स्वतःची वेगळी पद्धत असते. यासाठी एकच चाचणी करावी, पण ती कडक असावी: मध्यापासून एका बाजूला हवेची पोकळी असलेला फँटम घ्यावा, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे फील्ड करावे, गॅन्ट्री (रुग्णाभोवती फिरणारा यंत्राचा भाग) ३०, कोलिमेटर १५ आणि काउच २० अंशांवर ठेवावा. चिन्हाची किंवा दिशेची कोणतीही चूक झाली की एलचा पाय भलतीकडे वळलेला दिसतो. शून्य अंशावरच्या चौकोनी फील्डने ही चाचणी केली, तर सगळ्या चुका लपून राहतात. दुसरी नेहमीची चूक अर्ध्या व्हॉक्सेलची आहे. डायकॉममध्ये पहिल्या व्हॉक्सेलच्या मध्याची जागा दिलेली असते, तर डोसएक्सवायझेडएनआरसी व्हॉक्सेलच्या कडा मागते. हा फरक विसरला तर सगळा डोस अर्धा व्हॉक्सेल सरकतो, आणि तो दोष पात्यांच्या मॉडेलवर ढकलला जातो.

व्हीमॅटसाठी प्रत्येक कंट्रोल पॉइंटचे (प्लॅनमध्ये यंत्राची स्थिती नोंदलेल्या टप्प्याचे) वेगळे सिम्युलेशन करून बेरीज करण्याची गरज नाही. डोसएक्सवायझेडएनआरसीमध्ये २० आणि २१ क्रमांकाचे स्रोत गॅन्ट्री, पाती आणि मॉनिटर युनिट यांची सांगड घालून कंट्रोल पॉइंटमधील सलग हालचालही हाताळतात.

सिम्युलेशन किती वेळ चालवावे

अनिश्चितता कणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर यायचे तर चौपट कण लागतात आणि अर्ध्या टक्क्यावर यायचे तर सोळापट. लक्ष्याच्या भागात एका व्हॉक्सेलमागे १ टक्का किंवा त्याहून कमी अनिश्चितता ठेवावी. व्हॉक्सेल २ ते ३ मिमीचा, लहान लक्ष्यांसाठी २ मिमी किंवा त्याहून लहान असावा. व्हॉक्सेल लहान केला की त्यातील कण कमी होतात आणि वेळ वाढतो, ही देवाणघेवाण टाळता येत नाही. इलेक्ट्रॉनसाठी ०.७ एमईव्ही एकूण ऊर्जेची आणि फोटॉनसाठी ०.०१ एमईव्हीची कटऑफ मर्यादा (जिच्या खाली कणाचा पुढचा प्रवास थांबवला जातो) मेगाव्होल्ट फोटॉन प्लॅनच्या नेहमीच्या व्हॉक्सेलना पुरते. शीर्षाच्या भागात ब्रेम्सस्ट्रालुंगचे (टार्गेटमध्ये इलेक्ट्रॉन मंदावताना निघणाऱ्या फोटॉनचे) दिशानिहाय विभाजन चालू ठेवले तर वेळ कितीतरी पटीने वाचतो. निकाल गुळगुळीत दिसावा म्हणून फिल्टर वापरायचा असेल, तर मूळ निकालही जपून ठेवावा.

तुलना

तुलनेआधी दोन्ही बाजूंचा डोस एकाच अर्थाचा आहे ना, हे पाहावे. मॉन्टे कार्लो स्वभावतः त्या पदार्थातील डोस देते, तर काही प्लॅनिंग पद्धती पाण्यातील डोस दाखवतात. मऊ ऊतीत फरक एक-दोन टक्क्यांचा असतो, पण दाट हाडात तो १० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. हाडाजवळ मोठी तफावत दिसली की पहिली शंका याचीच घ्यावी.

गॅमा निर्देशांकाची कल्पना १९९८ ची. डोसमधील फरक आणि अंतरातील फरक यांची त्यात एकत्र मोजणी होते. एएपीएमच्या टीजी-२१८ ने २०१८ मध्ये ३ टक्के आणि २ मिमीचा निकष, १० टक्क्यांची खालची मर्यादा, पास होणाऱ्या बिंदूंच्या प्रमाणासाठी ९५ टक्क्यांची सहनमर्यादा आणि ९० टक्क्यांची कृतिमर्यादा (जिच्या खाली कारवाई हवी) सुचवली. या शिफारशी मोजमापावर आधारित तपासणीसाठी आहेत. दोन गणितांच्या तुलनेत पास होण्याचे प्रमाण एकट्याने वाचणे मला धोक्याचे वाटते, आणि त्याचे कारण साध्या आकडेमोडीत आहे. फुफ्फुसात ३ सेंमी व्यासाचे गोलाकार लक्ष्य आहे आणि व्हॉक्सेल २.५ मिमीचा आहे असे समजू. लक्ष्यात सुमारे ९०० व्हॉक्सेल बसतात. १० टक्क्यांहून जास्त डोस मिळालेला भाग ९४० घन सेंमी असेल, तर त्यात सुमारे ६०,००० व्हॉक्सेल येतात. आता लक्ष्यातला प्रत्येक व्हॉक्सेल नापास झाला, तरी बाकी सगळे पास असल्यास अहवालात ९८.५ टक्के लिहिले जाईल. म्हणून गॅमा लक्ष्यासाठी आणि प्रत्येक महत्त्वाच्या अवयवासाठी वेगळा काढावा, आणि २ टक्के व २ मिमीचा स्थानिक निकषही (टक्के त्या बिंदूच्याच डोसचे धरून) लावून पाहावा.

सिम्युलेशनमधील गोंगाटाचाही (आकड्यांतील सांख्यिकी चढउतारांचाही) गॅमावर परिणाम होतो. ज्या वितरणात शोध घेतला जातो त्यात गोंगाट असेल, तर कुठेतरी जुळणारा बिंदू हमखास सापडतो आणि गॅमा खोटा चांगला दिसतो. म्हणून मॉन्टे कार्लोचे वितरण संदर्भ म्हणून ठेवावे आणि शोध प्लॅनिंग सिस्टीमच्या वितरणात घ्यावा.

वैद्यकीय निर्णयासाठी डीव्हीएच (किती आकारमानाला किती डोस मिळतो याचा आलेख) अधिक बोलका असतो. आयसीआरयू ८३ या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे ९८, ५० आणि २ टक्के आकारमानाला मिळणारा डोस ताडून पाहावा. एका व्हॉक्सेलमधील कमाल डोस वापरू नये, कारण सिम्युलेशनमध्ये तो बहुधा गोंगाटाचाच आकडा असतो.

तफावत आढळल्यास

तफावतीचे रूप नीट पाहिले की निम्मे काम होते. सगळीकडे सारख्याच टक्क्यांची तफावत असेल तर मॉनिटर युनिटचा गुणक, फ्रॅक्शनची संख्या आणि डोस फाइलचा प्रकार तपासावा. फक्त मागून येणाऱ्या बीममध्ये असेल तर काउच, एका बाजूला जास्त आणि समोरच्या बाजूला कमी असेल तर व्हॉक्सेलची सरकलेली जाळी, आणि सगळ्या कडांवर सारखी असेल तर पात्यांमधील फट तपासावी.

एवढ्याने कारण कळले नाही, तर दोन्ही प्रणालींत शरीराच्या बाह्यरेषेच्या आत सर्वत्र पाणी भरून तोच प्लॅन तेवढ्याच मॉनिटर युनिटसह पुन्हा काढावा. तफावत नाहीशी झाली, तर मूळ ऊतींच्या हाताळणीत आहे: घनतेचा तक्ता, हाडातील डोसचा अर्थ किंवा प्लॅनिंग सिस्टीमच्या गणनपद्धतीची मर्यादा. तफावत तशीच राहिली, तर बीमचे किंवा पात्यांचे मॉडेल दोषी आहे, आणि त्या फील्डचे पाण्यात मोजमाप करून दोघांपैकी कोण चुकते ते ठरवता येते. निर्णय मोजमापानेच व्हावा. मॉन्टे कार्लो अधिक नेमके आहे म्हणून तेच बरोबर, असे धरून चालू नये. नव्याने उभ्या केलेल्या व्यवस्थेत चूक सिम्युलेशनच्या बाजूला असण्याचीच शक्यता जास्त असते.

गणनपद्धतीची मर्यादा खरी ठरली, तर प्लॅन नाकारायचा की नाही हा प्रश्न ऑन्कॉलॉजिस्टसमोर आकड्यांनिशी ठेवावा: लक्ष्याच्या ९८ टक्के आकारमानाला किती डोस कमी मिळतो आणि कोणत्या अवयवाला किती जास्त.

या पडताळणीत काय येत नाही

चुकीची बाह्यरेषा, दुसऱ्याच रुग्णाचा सीटी किंवा चुकीचा लिहिलेला प्रिस्क्रिप्शन डोस सिम्युलेशन पकडू शकत नाही, कारण ही माहिती दोन्ही गणितांना एकाच वाटेने मिळते. यंत्राने प्लॅन प्रत्यक्षात कसा दिला, हेही यात येत नाही. त्यासाठी यंत्राच्या लॉग फाइल वापरता येतात. ट्रूबीम दर २० मिलिसेकंदांनी पात्यांची आणि गॅन्ट्रीची स्थिती नोंदवतो, ती सिम्युलेशनला दिली की प्रत्यक्ष दिलेल्या उपचाराचा डोस निघतो. पण लॉगमधील आकडा हा यंत्राला स्वतःबद्दल वाटणारा आकडा असतो. पात्यांचे कॅलिब्रेशनच सरकले असेल, तर लॉग निर्दोष दिसेल. त्यामुळे पिकेट फेन्ससारख्या (पात्यांची जागा तपासणाऱ्या) नियमित चाचण्या आणि आउटपुटची मोजमापे चालूच ठेवावीत.

प्रत्येक पडताळणीसोबत प्रणालीची आवृत्ती, क्रॉस-सेक्शनचा डेटा, स्रोत, कटऑफ मर्यादा, व्हेरियन्स रिडक्शनच्या (कमी वेळात अनिश्चितता घटवण्याच्या) पद्धती, कणांची संख्या, व्हॉक्सेलचा आकार आणि साधलेली अनिश्चितता यांची नोंद ठेवावी. एएपीएमच्या २०१८ च्या टीजी-२६८ अहवालात अशा नोंदींची यादी दिली आहे. मोजमापांनी तपासलेले काही ठरावीक प्लॅन, त्यात फुफ्फुस, डोके-मान आणि प्रोस्टेट प्रत्येकी निदान एक, कायमचे जपून ठेवावेत. प्रणालीची आवृत्ती बदलली, सीटी स्कॅनर बदलला, लिनॅकचा बीम पुन्हा जुळवला किंवा प्लॅनिंग सिस्टीम अद्ययावत झाली, की हे सर्व प्लॅन आधी पुन्हा चालवावेत आणि त्यांचे निकाल जुन्या नोंदींशी अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळल्यावरच रुग्णांच्या प्लॅनची पडताळणी पुढे सुरू करावी.